पाण्यात चेहरा दिसू लागला की : एका विसरलेल्या गृहविद्येचा इतिहास

थ्रेड

१/ इ.स. १८२१. लंडनमध्ये विल्यम कॉबेट नावाचा अठ्ठावन्न वर्षांचा पत्रकार एक पुस्तक भागाभागाने प्रसिद्ध करू लागला. नाव होते 'कॉटेज इकॉनॉमी', म्हणजे झोपडीतला संसार. पाव कसा भाजावा, गाय कशी राखावी, डुक्कर आणि कोंबड्या कशा पाळाव्यात, असे विषय त्यात होते. या सगळ्यांच्या आधी त्याने एक विषय घेतला : मजुराच्या घरी, साध्या भांड्यांत, धान्यापासून बिअर कशी करावी.

२/ हे वाचताना प्रथम नवल वाटते. इंग्लंडमधील शेतमजुराला बिअर करायला शिकवावी लागणे म्हणजे सोलापूरच्या माणसाला भाकरी थापायला पुस्तकातून शिकवण्यासारखे. शतकानुशतके ही गोष्ट तिथल्या घरोघरी होत होती. तिच्यासाठी पुस्तक लिहावे लागले, याचा अर्थ मधल्या काळात काहीतरी तुटले होते.

३/ किती तुटले होते याचा पुरावा कॉबेट स्वतःच देतो. त्याच वर्षी ससेक्स परगण्यातील ग्लाइंड गावचे शेतकरी जॉन एलमन यांनी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली होती. तिचा आशय असा : चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गावात स्वतःची बिअर स्वतः न करणारा एकही मजूर नव्हता. आज कुणी फुकट माल्ट दिला तरच एखादा करतो, एरवी एकही नाही.

४/ कॉबेटला जुने दिवस रंगवून सांगण्याची सवय होती, हे इतिहासाच्या वाचकाने लक्षात ठेवावे. म्हणून एलमनची साक्ष मोलाची आहे. ती एका गावापुरती आहे, पण स्वतः पाहिलेल्या गोष्टीची आहे. चाळीस वर्षे म्हणजे जेमतेम दीड पिढी. आजीला येत होते, आईने पाहिले होते, मुलीला मात्र माहीत नाही.

५/ या थ्रेडचा विषय ती मुलगी आहे. कॉबेटचे पुस्तक वाचून, घरातली भांडी मांडून, आयुष्यात पहिल्यांदा धान्यापासून बिअर करू पाहणारी कुणीही स्त्री किंवा पुरुष. तिचे नाव इतिहासात नाही. पण तिच्यापुढे कोणत्या अडचणी होत्या हे नेमके सांगता येते, कारण धान्य आणि पाणी यांचे वागणे बदललेले नाही.

६/ आधी मूळ प्रश्न समजून घेऊ. द्राक्षात साखर तयार असते. द्राक्षे चुरडून ठेवली तर सालीवरचे यीस्ट आपोआप कामाला लागते आणि वाइन होऊ लागते. धान्यात तयार साखर जवळजवळ नसते. असतो तो स्टार्च, म्हणजे पिष्ट. यीस्टला पिष्ट खाता येत नाही. म्हणून धान्यापासून मद्य करायचे तर आधी पिष्टाची साखर करावी लागते. सगळी अवघड विद्या या एका पायरीत आहे.

७/ ही किल्ली धान्याच्याच पोटात असते. दाणा भिजवला, त्याला मोड आणले, की कोवळ्या अंकुराला पोसण्यासाठी दाणा स्वतःच पिष्ट फोडणारी विकरे तयार करतो. मोड आलेला दाणा वाळवला, हलका भाजला, की तो माल्ट होतो. युरोपात त्यासाठी मुख्यतः बार्ली वापरली गेली, म्हणजे आपला जव.

८/ मराठी घराला ही क्रिया परकी नाही. तान्ह्या बाळासाठी नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात, वाळवून दळतात. त्या पिठाची पेज साध्या नाचणीच्या पेजेपेक्षा पातळ आणि किंचित गोड होते. कारण तेच : मोडातल्या विकरांनी पिष्ट तोडलेले असते. बाजारात त्याला 'नाचणी माल्ट' म्हणतात, तेव्हा शब्द अगदी बरोबर वापरलेला असतो.

९/ आता पुढची पायरी. माल्ट भरडायचा, ऊन पाण्यात कालवायचा आणि झाकून मुरत ठेवायचा. यालाच मॅशिंग म्हणतात. इथे सारा खेळ उष्णतेचा आहे. साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसला विकरे उत्तम काम करतात. पाणी फार ऊन झाले तर ती नष्ट होतात आणि उरते ती नुसती लापशी. फार कोमट राहिले तर पिष्ट नीट फुलत नाही, आणि मिश्रण आंबट होण्याचा धोका वाढतो.

१०/ म्हणजे चार-पाच अंशांच्या पट्ट्यात तासभर टिकायचे, तेही चुलीवर, लाकडी पिंपात. मजुराच्या घरी थर्मामीटर कुठून येणार? कॉबेटने दोन्ही मार्ग सांगितले आहेत. थर्मामीटर असेल तर पाणी १७० अंश फॅरनहाइटवर येऊ द्यावे. नसेल तर शेकडो वर्षांचा जुना नियम पाळावा : पिंपात वाकून पाहावे. पाण्यात आपला चेहरा स्वच्छ दिसू लागला, की पाणी हवे तेवढे निवाले असे समजावे.

११/ १७० फॅरनहाइट म्हणजे सुमारे ७७ सेल्सिअस. हे तर जास्त झाले, असे वाटेल. पण त्यात थंड माल्ट पडायचा आहे. थंड लाकडी पिंपही उष्णता ओढून घेते. माल्ट आणि पाणी यांचे नेहमीचे प्रमाण धरून हिशेब केला तर मिश्रण ६६ ते ६८ अंशांच्या आसपास स्थिरावते. म्हणजे नेमके हवे त्या पट्ट्यात.

१२/ कॉबेटने हे लिहिले तेव्हा विकर म्हणजे काय हे जगात कुणालाच ठाऊक नव्हते. आंसेल्म पायां आणि झां-फ्रांस्वा पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी माल्टमधून 'डायास्टेज' वेगळे काढले ते १८३३ मध्ये. पाण्यात चेहरा पाहणाऱ्या बायकांना कारण माहीत नव्हते, पण उत्तर अचूक माहीत होते.

१३/ तरीही हा नियम वाचून पहिल्याच दिवशी कुणाला जमेल का? उकळते पाणी पिंपात ओतले की वर दाट वाफ असते. पाणी निवते तशी ती विरळ होते आणि पृष्ठभाग आरशासारखा दिसतो. पण थंडीच्या दिवसांत ऊन पाण्यावर धुके अधिक काळ रेंगाळते. म्हणजे जानेवारीत चेहरा दिसेपर्यंत थांबले तर पाणी ऑक्टोबरपेक्षा जास्त निवलेले असणार. खोलीत उजेड किती, पिंप किती खोल, यावरही फरक पडतो.

१४/ पुस्तकात एवढे मावत नाही. जी स्त्री वीस वर्षे आईशेजारी उभी राहून पाहते, तिला हे सांगावे लागत नाही. विरजण लावताना दुधात करंगळी बुडवून पाहणाऱ्या आजीला 'नक्की किती अंश?' असे विचारले तर ती हसेल. थंडीत तेच भांडे ती टॉवेलात गुंडाळून ठेवते, उन्हाळ्यात उघडे ठेवते. तिचा नियम 'कोमट' या एका शब्दाचा आहे. पण त्या शब्दामागे शेकडो सकाळी असतात.

१५/ नवख्याचे हाल इथेच संपत नाहीत. माल्ट किती भरडायचा? जाड राहिला तर आतले पिष्ट पाण्याला भेटत नाही. पिठासारखा बारीक झाला तर मिश्रण चिकटते आणि रस गळतच नाही. जवाच्या दाण्याला टरफल असते आणि ते अखंड राहिले तर पिंपाच्या तळाशी बसून स्वतःच गाळणीचे काम करते. युरोपच्या बिअरमध्ये जव टिकून राहण्याचे हे एक मोठे कारण आहे.

१६/ कॉबेटची गाळणीही साधी होती. पिंपाच्या तळाला एक भोक, त्यात ठोकलेला लांब दांडा आणि दांड्याभोवती बारीक काटक्यांची जुडी. दांडा जरासा वर उचलला की काटक्यांमधून गोड रस खालच्या भांड्यात उतरतो, भरड वर राहते. या रसाला 'वर्ट' म्हणतात. चव घेतली तर तो काकवी घातलेल्या पेजेसारखा गोड लागतो. गोड लागला नाही, तर दिवसभराची मेहनत आणि महागाचा माल्ट, दोन्ही वाया.

१७/ काटकसरही यातच होती. पहिला दाट रस काढून घेतला की त्याच भरडीवर पुन्हा ऊन पाणी ओतायचे. या दुसऱ्या पाण्याची जी पातळ बिअर होई ती 'स्मॉल बिअर'. ती रोजच्या जेवणाबरोबर, मुलांसकट सगळ्यांनी प्यायची. शेवटी उरलेला चोथा डुकरांना. घराच्या अर्थशास्त्रात एकही दाणा वाया जात नसे, म्हणून तर पुस्तकाचे नाव 'कॉटेज इकॉनॉमी'.

१८/ यानंतर वर्ट हॉप्सच्या फुलांबरोबर उकळायचा. हॉप्स कडवटपणा देतात आणि पेय टिकवतात. बाराव्या शतकात जर्मनीतील हिल्डेगार्ड या मठाधिपती स्त्रीने त्यांच्या टिकाऊपणाची नोंद केली आहे. इंग्लंडमध्ये मात्र हॉप्सची बिअर १४००च्या सुमारास नेदरलँड्सकडून आली. तोवर तिथे हॉप्सशिवायचे 'एल' होत असे आणि ते काही दिवसांतच खराब होई.

१९/ या छोट्या बदलाने मोठी उलथापालथ केली. इतिहासकार ज्युडिथ बेनेट यांनी १९९६च्या आपल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली आहे. १३४८च्या महामारीपूर्वी इंग्लंडमध्ये एल गाळणे हे बहुतांशी बायकांचे काम होते. घरापुरते करायचे, उरलेले शेजारी विकायचे. टिकत नसल्याने कुणालाच मोठा साठा करता येत नसे. म्हणूनच गरीब घरातल्या स्त्रीलाही त्या धंद्यात जागा होती.

२०/ हॉप्समुळे बिअर महिनोन्महिने टिकू लागली. साठा करता येऊ लागला, दूर पाठवता येऊ लागली. मग मोठी भांडी, भांडवल आणि कर्ज लागू लागले. ते पुरुषांना मिळे, बायकांना क्वचित. १६०० पर्यंत हा व्यवसाय बव्हंशी पुरुषांच्या हाती गेला. 'ब्रूस्टर' हा मुळात बिअर करणाऱ्या स्त्रीसाठीचा इंग्रजी शब्द. आज तो मुख्यतः आडनाव म्हणून उरला आहे.

२१/ तरी घरापुरती बिअर बायका करतच राहिल्या. आता शेवटची पायरी : उकळलेला वर्ट उथळ भांड्यांत पसरून निववायचा आणि त्यात यीस्ट सोडायचे. यीस्ट कुठून आणायचे? मागच्या बिअरच्या फेसातून किंवा शेजारणीकडून. अगदी विरजणासारखे. एका घरचे बिघडले तर दुसऱ्या घरून वाटीभर आणायचे.

२२/ यीस्ट म्हणजे काय हेही तेव्हा गूढ होते. बव्हेरियाच्या १५१६च्या प्रसिद्ध कायद्याने बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घालण्याची सक्ती केली. त्यात यीस्टचा उल्लेखच नाही. लुई पाश्चरचा बिअरवरील ग्रंथ आला १८७६ मध्ये. १८८३ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हान्सन यांनी यीस्टची शुद्ध जात वेगळी वाढवली. तोवर सगळा कारभार शेजारधर्मावर चालला होता.

२३/ १८२१च्या नवख्या मुलीची खरी अडचण इथे दिसते. गावात एकही घर बिअर करत नसेल, तर यीस्ट आणायचे कुणाकडून? 'पाणी आता ठीक आहे का?' हे विचारायचे कुणाला? गृहविद्या एका घरात राहत नाही. ती दहा घरांच्या येण्याजाण्यात राहते. नऊ घरांनी सोडली की दहाव्यालाही सोडावी लागते.

२४/ मग नऊ घरांनी ती का सोडली? कॉबेटचे बोट माल्टवरील कराकडे होते. तो १६९७ पासून चालू होता आणि नेपोलियनशी चाललेल्या युद्धांत बराच वाढला. हॉप्सवर वेगळा कर होता. घरी केलेल्या बिअरवर थेट कर नव्हता, पण माल्टच करामुळे महाग झाला तर घरी करणार कशाचे? त्यातच सामायिक राने कुंपणात गेली आणि गरिबाचे जळण महागले. बिअरला दिवसभर आधण ठेवावे लागते, चहाला घटकाभर पुरते.

२५/ चहावर कॉबेटचा भयंकर राग होता. चहाने मजूर दुबळा होतो, असे तो लिहितो. त्यात अतिशयोक्ती आहे. पण एक गोष्ट खरी होती : बिअर घरच्या धान्यातून होई, चहा दुकानातून येई. चीनहून येणाऱ्या त्या चहाची मक्तेदारी १८३३ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीकडे होती. मजुराच्या कपातला बदल कंपनीच्या जमाखर्चात उमटत होता.

२६/ ज्ञान नाहीसे मात्र झाले नाही, त्याने जागा बदलली. मायकेल कॉम्ब्रून या लंडनच्या व्यावसायिकाने १७६२च्या ग्रंथात मॅशिंगसाठी थर्मामीटरचा पुरस्कार केला. १७८४ मध्ये जॉन रिचर्डसनने वर्टमधील साखर मोजण्याचे उपकरण लोकांपुढे आणले. घरात चेहरा पाहण्याचा नियम विसरला जात होता, त्याच दशकांत कारखान्यात आकड्यांची भाषा जन्म घेत होती. आकडा लिहून ठेवता येतो, मालकीचाही करता येतो.

२७/ १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर रद्द केला. कॉबेटची मागणी, त्याच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनी, मान्य झाली. पण कर आता वर्टवर आला आणि घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना लागू झाला. मागणी मान्य झाली तेव्हा घरोघरची भांडी केव्हाच मोडीत गेली होती. ही परवान्याची अट रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३च्या अर्थसंकल्पात काढून टाकली. विक्री करायची नाही, एवढेच बंधन उरले.

२८/ कायद्याने दार उघडले म्हणून विद्या घरी परतली का? लगेच नाही. १९६३ नंतर ब्रिटनमध्ये घरगुती बिअरची हौस फोफावली, पण बहुतेक लोक डबाबंद माल्ट एक्स्ट्रॅक्ट वापरत. म्हणजे कारखान्यात आधीच मॅश करून आटवलेला पाक. त्यात पाणी, साखर, यीस्ट घालायचे. मूळ अवघड पायरी कारखान्याकडेच राहिली होती.

२९/ ती पायरी घरी परत आणण्यासाठी पुन्हा पुस्तकच लागले. १९७४ मध्ये डेव्ह लाइन यांचे 'द बिग बुक ऑफ ब्रूइंग' आले. पिंप, फडक्याची पिशवी, थर्मामीटर अशा साध्या सामानावर अख्ख्या धान्यापासून बिअर कशी करावी, हे अनेकांनी त्यातून उचलले. आजचा नवखा आयोडीनचा थेंबही वापरतो : वर्टमध्ये टाकल्यावर तो निळा-काळा झाला तर पिष्ट अजून शिल्लक आहे. आईच्या नजरेची जागा एका थेंबाने घेतली.

३०/ अमेरिकेत असेच घडले. १९३३ मध्ये दारूबंदी उठली, घरगुती वाइनला मुभा मिळाली, बिअर मात्र राहून गेली. १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने ती फेब्रुवारी १९७९ पासून खुली झाली. त्याच काळात घरच्या भांड्यांवर शिकलेल्या काही जणांनी पुढे छोटे कारखाने काढले. कॅलिफोर्नियातील 'सिएरा नेव्हाडा'चे केन ग्रॉसमन हे त्यांतले एक.

३१/ तुटलेला धागा किती जुना असू शकतो? सुमेरमधील निनकासी देवीचे स्तोत्र इ.स.पूर्व १८००च्या सुमाराचे. मिगेल सिव्हिल यांनी १९६४ मध्ये त्याचा अनुवाद केला. त्यात बिअर करण्याच्या पायऱ्या आहेत : भिजवलेले धान्य, 'बप्पिर' नावाची भाकर, चटयांवर पसरणे, गाळणे. १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीचे फ्रिट्झ मेटॅग आणि मानववंशशास्त्रज्ञ सॉलोमन कॅट्झ यांनी त्यावरून बिअर करून पाहिली.

३२/ व्यवसायात मुरलेले हे लोकही त्या दिवशी नवखेच होते. स्तोत्रात मापे नाहीत, वेळ नाही, उष्णता नाही. ज्यांच्यासाठी ते रचले होते, त्यांना ते सांगण्याची गरजच नव्हती. जी गोष्ट सगळ्यांना येते ती कुणी लिहून ठेवत नाही, आणि म्हणून ती इतिहासातून सर्वांत आधी गळते. दस्तऐवजातील मौन कसे वाचावे, हे शिकायला यापेक्षा चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

३३/ आता आपल्याकडे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मद्यावर राज्याची कडक नजर. तरीही कुटुंबवत्सल गृहस्थांना सणसमारंभासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा त्यात नोंदवलेली आहे. सुरेसाठी लागणारे किण्व तयार करण्याचे काम बायका-मुलांकडे दिलेले आहे. राज्य आणि घर यांच्यातील सीमारेषा तेव्हाही आखली जात होती, आणि चुलीजवळ तेव्हाही स्त्रीच होती.

३४/ मुंबई इलाख्यात ही रेषा ब्रिटिशांनी नव्याने आखली. १८७८च्या अबकारी कायद्याने दारू-ताडीची निर्मिती आणि विक्री परवान्याखाली आली. ताडी काढण्यासाठी झाडामागे कर बसला. १८९२च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवरच निर्बंध आले. जी फुले आदिवासी कुटुंबांचे अन्नही होती, ती घरात बाळगणे संशयास्पद ठरले. घरचे पेय गुत्त्यावर गेले, आणि गुत्त्याबरोबर उधारी आली.

३५/ याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९२२-२३च्या देवी चळवळीत ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यापासून दक्षिण गुजरातपर्यंत आदिवासींनी स्वतःहून दारू-ताडी सोडली आणि गुत्तेवाल्यांवर बहिष्कार घातला. डेव्हिड हार्डिमन यांचा १९८७चा ग्रंथ यावरच आहे. घरातून काढून घेतलेली गोष्ट दुकानात विकत घ्यावी लागते तेव्हा ती नाकारणे हाही स्वाभिमान असू शकतो. व्यसनाने घरे उद्ध्वस्त होतात, हे सत्य कोणत्याही स्मरणरंजनाने पुसले जात नाही.

३६/ आज महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय घरी मद्य करणे हा गुन्हा आहे. ब्रिटनमध्ये जी गोष्ट हौस म्हणून कौतुकाची, ती इथे कायद्याबाहेरची. यातले योग्य काय यावर मतभेद असू शकतात. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट नोंदवावीच लागते : कर, परवाना किंवा बंदी घालताना राज्य एखाद्या वस्तूवर बोट ठेवते. त्या वस्तूसोबत बायकांच्या हातातले किती ज्ञान गेले, याची नोंद कोणत्याही गॅझेटियरमध्ये होत नाही.

३७/ कॉबेटच्या त्या वाचक मुलीची पहिली बिअर कशी झाली असेल? बहुधा थोडी आंबट, थोडी पातळ. पण तिने दुसऱ्यांदा केली असेल, तर पहिल्या वेळी चेहरा किती स्वच्छ दिसला होता हे तिच्या लक्षात असणार. तिसऱ्यांदा केली असेल, तर शेजारीण वाटी घेऊन यीस्ट मागायला आली असणार. गृहविद्या परत येते ती अशी. कायदा फक्त दार उघडतो.

३८/ आपल्या घरांतही अशा गोष्टी शेवटच्या हातांत आहेत. कुरडयांसाठी गव्हाचा चीक किती दिवस भिजवायचा, आंबील कधी उतरवायची, नाचणीचे मोड केवढे झाले की वाळत घालायचे. या सुट्टीत आजीशेजारी उभे राहा, लिहून घ्या. आणि 'अंदाजाने घाल' असे ती म्हणेल तिथे थांबून पुन्हा विचारा. दोनशे वर्षांनंतरच्या इतिहासकाराला नेमके तेच हवे असेल.

थ्रेड समाप्त.